आतली काच

"ताई, एक विचारू का? ह्या गाड्या आतून कोण पुसतं?"

सोसायटीत पहाटे गाड्या धुणाऱ्या काकांनी हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात किल्ली, आणि ऑफिसची वेळ होत आली होती. "ज्याची तो," एवढंच म्हणून मी गाडीत बसले. त्यांनी मान डोलावली, बादली उचलली आणि पुढच्या गाडीकडे वळले. विचारण्यात टोमणा नव्हता. काम करणाऱ्या माणसाला पडावा तसा सरळ प्रश्न होता. पण सिंहगड रस्त्याला लागले, सकाळचं ऊन समोरून आलं आणि नुकतीच धुतलेली, थेंबही न राहिलेली काच एका क्षणात पांढुरकी झाली. पुढच्या रिक्षाचे मागचे दिवे दिसेनात. ऊन इमारतीआड गेलं की सगळं पुन्हा स्वच्छ, इमारत संपली की पुन्हा तो पडदा. वायपर फिरवला, पाण्याचा फवारा मारला, काडीचाही फरक पडला नाही. दिवसभर कामात असताना मध्येच तो प्रश्न आठवायचा. कोण पुसतं?

दुसऱ्या दिवशी थोडी लवकर खाली उतरले आणि काकांना गाठलं. म्हटलं, काल असं का विचारलंत? त्यांनी फडकं पिळून खांद्यावर टाकलं. "बाहेरचा डाग असला तर आपण काढतोच. पण कधी कधी पुसून पुसून हात दुखतो आन् डाग काही हलत नाही. मग तिरकं बघायचं. डाग आतून असतोय. किल्ली काय आपल्याकडं नसती. मालक येतोय, बघतोय आन् म्हणतोय, काच नीट पुसली नाही." मग शेजारच्या गाडीच्या काचेवर त्यांनी करंगळीचं नख टेकवलं. "हे बघा. नख आन् डाग एकमेकाला चिकटला तर डाग अलीकडचा. मधी फट दिसली तर पलीकडचा." मी वाकून पाहिलं. नखाचं टोक आणि तो धुरकट ठिपका यांच्यामध्ये काचेच्या जाडीएवढं अंतर अगदी स्पष्ट दिसत होतं. रोज पहाटे पाचला बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली पंचवीस-तीस गाड्यांच्या काचा पाहणाऱ्या माणसाला हे आपोआप कळत गेलं असणार. त्याचं काम काचेच्या अर्ध्यावर थांबतं आणि उरलेलं अर्धं त्याच्याच नावावर वाईट दिसतं, हे मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आतल्या बाजूला साचतं तरी काय? गाडीत तर धूळ बसत नाही, चिखल उडत नाही, कावळे येत नाहीत. तरी बोट फिरवून पाहा. स्वयंपाकघरातल्या ट्यूबवर चढतो तसला राप बोटाला लागतो, किंचित तेलकट, वास नसलेला. त्यातला बराचसा गाडीतूनच येतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक, सीटचा फोम, आतला गोंद हे सगळं उन्हात तापतं. भर उन्हाळ्यात उघड्यावर लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या आसपास सहज जातो. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं त्या तापात वाफेसारखी सुटतात आणि त्यातल्या त्यात थंड जागा शोधून बसतात. ती जागा म्हणजे समोरची काच. गाड्या बनवणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. याला ते 'फॉगिंग' म्हणतात आणि त्याची ठरलेली चाचणी असते. प्लास्टिकचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून १०० अंशांवर तापवायचा, भांड्यावर २१ अंशांवर राखलेली काच झाकायची आणि ३ तासांनी ती काच किती धुरकट झाली ते मोजायचं. आपण उन्हात गाडी लावून कामाला जातो तेव्हा हीच चाचणी रोज दिवसभर चालू असते, फक्त मोजायला कोणी नसतं. नव्या गाडीचा म्हणून आपण जो वास कौतुकानं घेतो, त्यातला काही भाग संध्याकाळपर्यंत काचेवर आलेला असतो.

बाकीचं आपण आणतो. श्वास, घाम, पावडर, डॅशबोर्डवर ठेवलेलं अत्तर, सणाच्या दिवशी लावलेल्या उदबत्तीचा धूर. माझ्या धाकट्याच्या बाजूच्या काचेवर त्याच्या नाकाच्या उंचीला कायम एक गोल डाग असतो आणि त्याखाली पाचही बोटांचे ठसे. थंडीत काचेवर वाफ धरली की त्यातून त्यानं महिन्याभरापूर्वी काढलेलं घर पुन्हा उमटतं, दार-खिडक्यांसकट. बोटाचं तेल काचेवर राहतं आणि तिथे वाफ वेगळ्या तऱ्हेनं बसते म्हणून असं होतं, हे मला माहीत आहे. तरी ते घर दिसलं की पुसायला हात होत नाही. बाजूच्या काचा मी सगळ्यात शेवटी घेते त्याला हे एक कारण आहे.

अण्णा असते तर म्हणाले असते, घर कागदावर काढायला सांग.

म्हणजे अण्णा, माझे वडील, आहेत, पाटणजवळ आमच्या गावी आहेत, फक्त रोज इथे नाहीत. ते एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपोला. बरीच वर्षं कराड-चिपळूण केली. पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळीवरून चिपळूण. ज्यानं हा घाट जुलै-ऑगस्टमध्ये पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. ढग रस्त्यावरच उतरलेले असतात, दुपारी दोनला दिवे लावावे लागतात आणि समोरून येणारी गाडी आधी कानाला कळते, मग डोळ्यांना. शाळेला सुट्टी असली की मी कधी कधी त्यांच्याबरोबर जायचे, इंजिनाच्या बॉनेटशेजारच्या जागेवर बसून. गरम बॉनेटवर टाकलेल्या गोणपाटाचा वास, डिझेलचा वास, ओल्या रेनकोटांचा वास. आणि गाडी डेपोतून हलायच्या आधीची अण्णांची एक ठरलेली गोष्ट. धुणारी माणसं डेपोत होती, गाडी धुवून यायची. तरी अण्णा केबिनमध्ये चढले की पहिल्यांदा आतून काच पुसायचे. वहीखाते, तिकिटांची पेटी, घंटीची दोरी हा सगळा कंडक्टरचा प्रांत. काच त्यांची. आदल्या दिवशीचा 'पुढारी' चार घड्या करून, डबीतल्या पाण्यात एक कोपरा भिजवून, आधी ओल्या कागदानं आणि मग कोरड्या. कागद काचेवर कुईकुई वाजायला लागला की काच झाली. तो आवाज येईपर्यंत ते थांबायचे नाहीत.

कागदच का, असं मी विचारलं होतं. "फडक्याचे धागे राहत्यात," म्हणाले. सुती फडकं बहुतेक वेळा काचेवर बारीक तंतू सोडतं, हे खरं आहे. वर्तमानपत्राचा कागद तंतू सोडत नाही आणि पाणी भरभर पितो. पुसलेला कागद उलटून पाहायची त्यांना सवय होती. काळा असेल तर धूर आणि डिझेल. पिवळा-तपकिरी असेल तर आदल्या पाळीचा ड्रायव्हर बिडी ओढणारा. तंबाखूच्या धुराचा तो रंग दुसऱ्या कशालाच येत नाही, असं ते म्हणायचे. त्यांनी स्वतः कधी केबिनमध्ये बिडी पेटवली नाही. विठोबाचा फोटो होता, त्यालाही उदबत्ती ते गाडीबाहेर लावून, ओवाळून, स्टँडवरच्या पिंपळाच्या पारावर खोचून ठेवायचे. दसऱ्याला डेपोत सगळ्या गाड्या धुवून, झेंडूच्या माळा घालून उभ्या असायच्या. अण्णांच्या गाडीची माळ खाली, जाळीला. काचेवरून हार लोंबलेला त्यांना चालायचा नाही. हौशी कंडक्टरनं एकदा काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तर त्यांनी ते पुसून, हात जोडून, तेवढंच मोठं स्वस्तिक बॉनेटवर काढलं. देवाचं काही कमी केलं नाही, फक्त जागा बदलली.

पावसासाठी त्यांच्याकडे तंबाखू होती. स्वतः खात नव्हते, पण पावसाळ्याच्या दिवसांत खिशात पुडी असायची. घाटाच्या आधी हेळवाकला गाडी थांबली की चिमूटभर तंबाखू तळहातावर पाण्यात चुरून ती बाहेरच्या काचेवर चोळायची आणि वरून पाणी मारायचं. मग पाण्याचे थेंब न होता ते पातळ पसरून खाली उतरायचं. वायपर बंद पडला तरी काही अंतर निभावून जायचं. ट्रकवाले यासाठी बटाटा अर्धा कापून चोळतात, तेही मी पाहिलंय. वायपर बंद पडणं तर रोजचंच. तसा पडला की डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजवा हात खिडकीतून बाहेर काढून वायपरची काडी ओढणारे अण्णा मला अजून दिसतात. बाही खांद्यापर्यंत भिजलेली, नजर रस्त्यावरून हललेली नाही. मला तेव्हा त्यात पराक्रम वाटायचा. आता त्याच रस्त्यावर मी गाडी चालवते तेव्हा कळतं, मागे पन्नास माणसं बसवून तो माणूस एका हातानं घाट उतरत होता.

पुढे कधीतरी वाचलं की पहिला कामाचा वायपरसुद्धा असाच हातानं ओढायचा होता. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कमध्ये ट्रामनं जात होत्या, बर्फाळ पाऊस पडत होता, आणि ड्रायव्हर समोर दिसावं म्हणून खिडकी उघडून थंडीत कुडकुडत चालवत होता. बाकीचे प्रवासी ते पाहून गप्प बसले असतील. या बाईंनी आतून दांडा ओढला की बाहेर रबराची पट्टी फिरेल अशी जोडणी आखली आणि १९०३ मध्ये पेटंट मिळवलं. त्यातून त्यांना पैसा मिळाला नाही, मुदत संपली आणि वायपर मात्र सगळ्या गाड्यांवर आला. त्याच १९०३ मध्ये तिकडे फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस या रसायनतज्ज्ञाच्या हातून काचेचं एक भांडं पडलं. तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत वाळलेल्या द्रावणाचा एक पापुद्रा राहिला होता. त्यातून १९०९ च्या पेटंटपर्यंत आणि तिथून आजच्या समोरच्या काचेपर्यंत गोष्ट येते. आपली समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा थर. दगड लागला तर ती जाळीसारखी तडकते, अंगावर येत नाही. बाजूच्या काचा वेगळ्या, तापवून एकदम थंड केलेल्या. त्या फुटल्या तर साखरेच्या खड्यांएवढ्या तुकड्यांचा खच पडतो. जुन्या एसटीच्या काचांच्या कडा पांढऱ्या-पिवळ्या पडलेल्या असायच्या. लहानपणी मी त्या थुंकी लावून घासायचे. ते मधल्या थरात हवा-ओल शिरून झालेलं असतं, कुठल्याच बाजूनं पुसून जात नाही.

जे पुसून जातं ते तरी नीट पुसायला हवं. आणि बाहेरच्या बाजूचा मळ गावोगाव वेगळा असतो, एकाच फडक्यानं सगळीकडे भागत नाही. गुहागरला मावशीच्या अंगणात गाडी आंब्याखाली लावायची म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी काचेला हात चिकटतो. मोहोरावरचे तुडतुडे जो गोड चिकटा सोडतात, तो रात्रभर गाडीवर पडत असतो. तो नुसत्या पाण्यानं निघत नाही, कोमट पाणी आणि साबण लागतो, आणि वाळून ऊन लागायच्या आत. समुद्रावरून येणारं खारं ते वेगळंच. आमच्या गावाकडे हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातली काळी कुसं अंगणात, वाळवणावर, गाडीवर पडतात. ती कोरडी पुसली की काळी रेघ उमटते, आधी फुंकून किंवा पाणी ओतून घालवायची. आणि पुण्यात सिमेंट. चारही बाजूंना बांधकामं चालू आहेत, त्याची धूळ काचेवर बसते आणि पहाटेच्या दवानं तिथेच घट्ट होते.

त्यावर कोरडं फडकं मारणं म्हणजे काचेला कायमचं दुखवणं. धुळीत वाळूचे, गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण. वायपर कोरड्या काचेवर फिरवला की धनुष्याकृती ओरखडे उठतात ते याच कणांचे. दिवसा ते दिसतही नाहीत. रात्री समोरून प्रखर पांढऱ्या दिव्यांची गाडी आली की प्रत्येक ओरखडा स्वतंत्र पेटतो. आमचे काका आधी मगभर पाणी वरून सोडतात, ते ओघळू देतात, मगच फडकं लावतात. कुणी शिकवलं म्हणून नाही, कोरडं पुसलं तर फडक्याखाली करकर वाजतं, ते त्यांच्या हाताला सहन होत नाही. त्यांची अडचण पाण्याची आहे. सोसायटीत पाइपनं गाड्या धुवायला बंदी आहे, ती बरोबरच आहे. उन्हाळ्यात तर प्यायलाच टँकर येतात. म्हणून एका बादलीत चार-पाच गाड्या होतात आणि चौथ्या गाडीला पहिल्या तिघींची माती लागते. शिवाय ते पाणी बोअरचं, जड. काचेवर थेंब वाळला की मागे पांढरं कडं राहतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. ताज्या कड्यावर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावला की ते विरघळतं. महिनोन्‌महिने उन्हात भाजलेलं कडं मात्र काचेत रुततं. धुतल्यावर काच कोरडी करायची ती चमक यावी म्हणून नाही, थेंब जागेवर वाळू नये म्हणून.

समोर नीट दिसलं पाहिजे, हे कायद्यालाही मान्य आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. त्याच्याच आधारानं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये काळ्या फिल्म बंद केल्या आणि चौकाचौकांत पोलीस नखानं फिल्म सोलताना दिसू लागले. काच पुढेही तशीच राखली पाहिजे, असंही त्यात आहे. पण तिच्यावर वर्षभर साचलेल्या थराचा हिशेब कुणी ठेवताना दिसत नाही. आणि हा थर काळ्या फिल्मपेक्षा वाईट वागतो असं माझं मत झालंय. फिल्म निदान सगळीकडून सारखा उजेड कमी करते. हा थर तिरका उजेड पकडून स्वतःच उजळतो आणि त्या उजेडात समोरच्या अंधुक गोष्टी बुडतात. पांढरी गाडी दिसते, सिग्नल दिसतो. बुडतात ती गडद कपड्यांतली, कडेनं चालणारी, दिवा नसलेली माणसं. ज्यांच्याकडे स्वतःचा उजेड नाही ती सगळ्यात आधी जातात. हे सगळं एका फडक्याच्या कामावर अवलंबून असावं, याचा मला त्रास होतो. वर्षावर्षाला हजारो रुपयांचं पॉलिश लावलेल्या गाड्या मी पाहते. बाहेरून त्यांत चेहरा दिसतो, आणि आत वाकून पाहावं तर समोरची काच धुरकट.

गेल्या दिवाळीत अण्णा आले होते, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून गाडी आतून काढली. संध्याकाळी, सावलीत. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि रेघा राहतात. आता मी कागद वापरत नाही. शाई दाराच्या रबराला आणि फिकट सीटला लागते. मायक्रोफायबरची दोन फडकी ठेवली आहेत, एक ओलं, एक कोरडं. त्यांचे तंतू चिरलेले असतात, म्हणून तेल नुसतं पसरत नाही, उचललं जातं. धुताना त्यांना कपडे मऊ करायचं द्रव्य लावायचं नाही, नाहीतर तेच काचेवर उतरतं. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब, मग नुसत्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. पाणी काचेवर मारायचं नाही, फडक्यावर घ्यायचं, म्हणजे ओघळ डॅशबोर्डच्या आतल्या वायरिंगमध्ये जात नाहीत. काच आणि डॅशबोर्ड मिळतात त्या अरुंद फटीत तळहात जात नाही. अण्णांनी हात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूवर फडकं धरून तो कोपरा काढून दाखवला. त्यांच्या हाताची कातडी आता पातळ झाली आहे, शिरा वर आल्या आहेत, पण मनगट तसंच फिरतं. "आतनं आडवं, भायेरनं उभं," म्हणाले. मी विसरले होते ते. आतून आडवं पुसलं आणि बाहेरून उभं, की मागे राहिलेली रेघच सांगते ती कुठल्या बाजूची आहे. नखाची गरज नाही. बाजूच्या काचा चार बोटं खाली घ्यायला लावल्या. वरची कड एरवी रबरात लपलेली असते, तिथला मळ तसाच राहतो आणि काच वरखाली झाली की पुन्हा पसरतो. फडकं उलटून त्यांनी सवयीनं पाहिलं. करडं-पिवळं होतं. "गाडीत कोण बिडी वढतंय?" त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना प्लास्टिकच्या वाफेचं सांगत बसले. शेवटपर्यंत त्यांना ते पूर्ण पटलं असं वाटत नाही.

त्यानंतर मला वाटलं, काकांना किल्ली द्यावी. आठवड्यातून एकदा आतलंही करतील, त्याचे वेगळे पैसे घेतील, त्यांच्या कामाला लागणारा डागही जाईल. घरकामाच्या मावशींकडे आमच्या फ्लॅटची किल्ली आहे, मग गाडीची द्यायला काय हरकत? मी बोलले. काकांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही हात मागे घेतले. "किल्ली नको ताई. उद्या कुणाचं काय हरवलं तर आपलं नाव येतंय. ह्याच्या आधीच्या बिल्डिंगीत एकाचा गॉगल गेला होता." पुढे त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढ्या वर्षांत गॉगल कोणाचा, गेला कुठे, सापडला का, हे त्यांना कुणी विचारलं असेल की नाही कोण जाणे. तीस गाड्यांना रोज हात लावणारा माणूस एकाही गाडीचं दार उघडायला तयार नाही, हे आमच्या सगळ्यांबद्दल काहीतरी सांगतं आणि ते ऐकायला बरं वाटत नाही. मी आग्रह केला नाही. मग आम्ही एवढंच ठरवलं की ज्या दिवशी मी आतून पुसेन त्या सकाळी ते बाहेरून निवांत, दोन पाण्यांनी करतील. त्यांनी मला त्यांच्याकडचं एक फडकंही दिलं, जुन्या बनियनचं, "कोपऱ्यासाठी लई झ्याक," म्हणून. खरंच चांगलं आहे. धागे सोडत नाही.

या शनिवारी गावी जायचंय. दुपारी निघालो तर उंब्रजहून आत वळेपर्यंत संध्याकाळ होते, आणि मल्हारपेठ-पाटणचा रस्ता पश्चिमेला जातो. थंडीतला सूर्य खाली, नेमका काचेत. सध्या गळीत हंगाम जोरात आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा असेलच असं नाही. बैलगाड्यांच्या रांगा, कारखान्यापर्यंत. आणि फडावरून कोपीकडे, आपल्या झोपडीकडे परतणारी ऊसतोडीची माणसं, बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेल्या, डोक्यावर वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा, मागे चालणारं पोर, सगळ्यांचे कपडे मातीच्याच रंगाचे. ती रस्त्याच्या कडेनंच चालणार, दुसरी वाट नाही. म्हणून शुक्रवारी रात्री पोरं झोपली की मी खाली उतरते. काच थंड असते तेव्हा. मागच्या काचेवर वाफ घालवायच्या तारा आहेत, तिथे तारांच्या दिशेनं, हलक्या हातानं. मग समोरची. झाल्यावर मोबाइलचा टॉर्च बाहेरून तिरका धरून बघायचं. खालचा डावा कोपरा हमखास राहतो, आणि कडेनं चालणारी माणसं काचेच्या त्याच बाजूला असतात, तेव्हा तो बनियनच्या फडक्यानं परत एकदा.